रनाळ्यात आम्ही पेले खाली ठेवले

नंदुरबारला निघालोय म्हटल्यावर गावात ज्यानं त्यानं एकच विचारलं, "ते गुजरातेत आहे ना?" सुरुवातीला मी नकाशा समजावून सांगायचे. मग कंटाळले आणि "हो, जवळपास तिथंच" म्हणून मोकळी व्हायला लागले. आता जाऊन आल्यावर मात्र ठणकावून सांगते, नंदुरबार महाराष्ट्रातच आहे, तिथं थंडीत एकरच्या एकर मिरची वाळत पडलेली असते, आणि तिथली माणसं पाहुण्याच्या हातातल्या पेल्याकडे फार बारीक लक्ष ठेवून असतात. ही शेवटची गोष्ट आम्हाला कुणी आधी सांगितली असती तर आमची फजिती टळली असती.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, आमचे हे, माझी धाकटी जाऊ शालिनी आणि तिचा मुलगा गौरव. भाऊजी गेल्यापासून गौरवचं काय करायचं ते आम्ही तिघं मिळून ठरवतो, निदान आमचा तसा समज आहे. गौरवचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, स्वभाव गरीब आहे, आणि त्याचं लग्न जमत नव्हतं. रनाळ्याची मुलगी शालिनीला समाजाच्या मेळाव्यात कळली. मयूरी तिचं नाव. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि लोणखेड्याच्या ज्या कॉलेजात शिकली तिथंच आता प्रयोगशाळेत काम करणारी. शालिनीनं तिच्या आईशी फोनवर इतक्या गप्पा मारल्या की आम्हाला न पाहताच त्यांनी मुलगी पाहायला या म्हणून सांगितलं.

लग्न का जमत नव्हतं ते सांगायला हवं. आमचं गाव पूर्व विदर्भात, कोळशावर चालणाऱ्या एका वीजकेंद्राला लागून. तिथं कोळसा जळतो त्याची राख होते, ती राख पाण्यात कालवतात आणि पाइपातून लांब एका बंधाऱ्यात नेऊन सोडतात. राख तळाशी बसते, वरचं पाणी पुढे जातं. निदान कागदावर तसं आहे. बंधारा आमच्या गावाच्या उशाशीच आहे. त्यातलं पाणी जमिनीत मुरतं, पावसाळ्यात नाल्यात उतरतं, आणि एखादा पाइप फुटला की नाला सिमेंटसारखा करडा वाहतो. मुलीकडचे लोक यायचे, घर बघायचे, शेत बघायचे, मग ओसरीवरून तो करडा बंधारा बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे. कळवलं कुणीच नाही.

म्हणून गाडी सुटल्याबरोबर शालिनीनं फर्मान काढलं, "तिथं राखेचा विषय काढायचा नाही. एकदा कुंकू लागू द्या, मग पाहू." मला ते पटलं नव्हतं, पण गौरवच्या तोंडाकडे पाहून मी मान हलवली. गौरव खिडकीबाहेर बघत होता. आमचे हे म्हणाले, "मी काहून काढीन विषय? मला काही तक्रारच नाही."

ते खरंच होतं. ह्यांची सगळी नोकरी त्याच वीजकेंद्रात, राख ढकलणाऱ्या पंपावर गेली. आमची चूल त्या पगारावर पेटली, मुलींची शिक्षणं त्यावर झाली. वीजकेंद्राला कुणी नाव ठेवलं की हे अजून चिडतात. गावातल्या इतर विहिरींचं काय व्हायचं ते होवो, आमच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी काचेसारखं आहे हा ह्यांचा ठाम विश्वास. प्रवासात बाहेरचं पाणी ह्यांना बाधतं म्हणे. त्यामुळे त्या विहिरीच्या पाण्यानं भरलेला एक प्लास्टिकचा कॅन आमच्याबरोबर भुसावळमार्गे थेट नंदुरबारपर्यंत आला. गाडीत त्याला सीटखाली जागा होती आणि माझी पिशवी माझ्या मांडीवर.

नंदुरबार

स्टेशनाबाहेर आलो तर रिक्षावाल्यानं विचारलं, "कोठे जावानं शे मावशी?" शालिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कुठं जायचंय विचारतोय. फोनवरच्या गप्पांमुळे तिला अहिराणी येते असा तिचा दावा होता, तो स्टेशनावरच निकालात निघाला.

रिक्षावाला भला माणूस. लॉजवर सोडायच्या आधी त्यानं आपण होऊन आम्हाला गावाबाहेर नेलं. "मिरच्यास्न्या पथाऱ्या देखी ल्या," म्हणाला, "पन नाकले रुमाल लाई ल्या." आम्ही हसलो आणि रुमाल लावले नाहीत. वळणावर पोचलो आणि समोर नजर जाईल तिथवर जमीन लाल. मोकळ्या रानात मिरची पसरून ठेवलेली, मधून बायका वाकून खराब मिरची वेचताहेत, ओढण्या तोंडाला घट्ट बांधलेल्या. मी जन्मात इतका लाल रंग एका जागी पाहिला नव्हता. आमच्याकडे एवढ्या मोठ्या जागेत फक्त राख पसरलेली असते. मी ते बोलून दाखवणार तेवढ्यात शालिनीनं डोळे वटारले, म्हणजे इथंही फर्मान लागू होतं तर. मग ह्यांना शिंका सुरू झाल्या. त्या इतक्या झाल्या की मिरची वेचणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या, आणि त्यातली एक म्हणाली, "काका, आते घर जा, नही तं आमले उचलनं पडी."

रात्रीच्या जेवणाला एका साध्या हॉटेलात शेवभाजी मागवली. आमच्याकडे शेव चिवड्यात पडते, भाजीत पडते हे मला मान्यच नव्हतं. तांबडा, तेलाचा तवंग आलेला झणझणीत रस्सा आणि त्यात जाड शेव. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि दुसऱ्या घासाला मी माझं मत बदललं. गौरवनं तीनदा रस्सा मागवला.

वेटरनं पाण्याचे पेले आणून ठेवले. आम्ही चौघांनी ते जवळ ओढले, पेल्यावर बोटानं टिचकी मारली आणि तसेच ठेवून गप्पा मारत बसलो. वेटर घुटमळला. "पानी खराब शे का, काका?" त्यानं विचारलं. ह्यांनी त्याला आपला कॅन दाखवला, आणि तो बिचारा आणखीच गोंधळून निघून गेला. आमच्या लक्षात काही आलं नाही. आमच्या गावात सगळे असंच करतात. पेला हातात आला की खाली टेकवायचा, टिचकी मारायची, जरा थांबायचं, म्हणजे जे काही बसायचं ते तळाशी बसतं. मग वरचं प्यायचं आणि शेवटचा घोट तुळशीत नाहीतर मोरीत. लहान पोरांनाही हे शिकवावं लागत नाही, बघून बघून येतं. त्यात काही वेगळं आहे असं कुणाला वाटतच नाही.

रनाळे

दुसऱ्या दिवशी सकाळी दोंडाईच्याच्या बाजूच्या रस्त्यानं रनाळ्याला गेलो. कापूस वेचून झालेली शेतं, मधेच ज्वारी, आणि लांबवर कोरडे माळ. गाव चांगलं मोठं आहे. मयूरीचे वडील रस्त्यावर उभेच होते. त्यांना सगळे आप्पा म्हणतात, आम्हीही तेच म्हणू लागलो. उंच, सावळे, पांढरी टोपी, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय. "या, बठा. परवास बरा व्हयना ना?" म्हणत त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला तो घरात पोचेपर्यंत काढला नाही.

त्या भागात पाणी जपून वापरतात. अंगणात मोठ्या टाक्या, त्यांना झाकणं, झाकणांवर दगड. आप्पांनी येता येता सांगितलं, उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, पण त्यांच्या शेतातली विहीर अजून साथ देते आणि प्यायचं पाणी तिथूनच येतं. आम्हाला मात्र त्यांनी हातपाय धुवायला बादली भरून पाणी दिलं. आमच्याकडे नदी आहे, धरण आहे, बंधारा तर डोक्यावरच आहे, पण बादलीभर पाणी देताना कुणाच्या चेहऱ्यावर असा अभिमान मी पाहिलेला नाही.

बैठकीच्या खोलीत गादी घातली होती. मयूरीची आई सुमनबाई ताटात पाण्याचे पेले घेऊन आल्या. एकेकाच्या हातात पेला दिला आणि दाराशी उभ्या राहिल्या. आप्पा समोर बसले. आम्ही चौघांनी पेले घेतले.

आणि चौघांनी ते शेजारी फरशीवर ठेवले. टिचकी मारली. चार टिचक्या एकापाठोपाठ एक वाजल्या.

सुमनबाईंनी आप्पांकडे पाहिलं. आप्पांचा चेहरा उतरला. मला वाटलं ह्यांच्या कॅनमुळे काही झालं, कारण तो दाराशी दिमाखात उभा होता. शालिनी आपली फोनवरच्या गोड आवाजात, "घर किती छान आहे," म्हणत होती.

आप्पा सावकाश म्हणाले, "पानी काबर खाले ठेवं तुम्ही?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग तेच म्हणाले, "आमना आठे पाहुना पानी न पिता खाले ठेवस, तं सोयरीक नही करनी अशे समजतस. पोर तं तुम्ही अजून देखी बी नही." आवाजात राग नव्हता. दुखावलेला माणूस बोलतो तसे ते बोलले, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शालिनी गडबडीनं म्हणाली, "नाही हो, पाणी गार होतं म्हणून." हे म्हणाले, "माझे दात ठणकतात." दोघांच्या तोंडून एकाच वेळी दोन वेगळी कारणं निघाली. मी पेला उचलायला हात पुढे केला तो अवघडून मधेच राहिला.

तेव्हा गौरव बोलला. मुलगी पाहायला आलेल्या मुलानं बोलायचं नसतं असं शालिनीनं त्याला पढवून आणलं होतं. "आप्पा, नकार नाही जी. आमच्याकडे पाण्यात राख असते. बसू द्यावी लागते. आम्हाला सवयच लागली आहे, कुठंही गेलो तरी हात तसाच जातो." आणि मग त्यानं वीजकेंद्र, पाइप, बंधारा, नाला सगळं सांगून टाकलं. शालिनी डोळे मिटून बसली होती. मला मात्र हलकं वाटलं. असं वाटलं की चला, आता जे व्हायचं ते खरं तरी होईल.

आतल्या दारातून आवाज आला, "म्हणजे तुम्ही खाली बसलेलं टाकता आणि वरचं पिता?"

मयूरी चहाचा ट्रे घेऊन उभी होती. साधा पंजाबी ड्रेस, चष्मा, आणि लाजण्याचं नाव नाही. ट्रे तिनं खाली ठेवला.

"हो," गौरव म्हणाला.

"मग वरच्यात काय असतं?"

"वरचं स्वच्छच असतं," हे म्हणाले. पाण्याचा विषय निघाल्यावर ह्यांना राहवणार थोडंच. "राख खाली बसली की झालं. आणि आमच्या विहिरीत तर राखही नाही. हे पहा." आणि कॅन उचलून त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. खरंच, पाणी काचेसारखं होतं.

मयूरीनं ते नीट बघितलं. मग आईला म्हणाली, "माय, दोन स्टीलच्या वाट्या दे ना." आणि ह्यांना म्हणाली, "काका, तुमचं थोडं पाणी घेऊ? आत या, दाखवते." मुलगी पाहायचा कार्यक्रम असा स्वयंपाकघरात गेला. एका वाटीत ह्यांच्या कॅनमधलं पाणी, दुसरीत रनाळ्याच्या विहिरीचं. दोन्ही वाट्या गॅसच्या दोन शेगड्यांवर, आणि आम्ही सगळे भोवती. मधल्या वेळात सुमनबाईंनी वरणाचा कुकर उघडला. डाळ लोण्यासारखी मऊ. मी विचारलं, सोडा किती घातला? त्या म्हणाल्या, "सोडा? वरनमा सोडा काबर?" आमच्या घरी सोड्याशिवाय डाळ शिजत नाही. मी इतकी वर्षं डाळीला दोष देत आले आणि दुकानदार बदलत आले.

वाट्या आटल्या. मयूरीनं त्या सांडशीनं उतरवून ओट्यावर ठेवल्या. रनाळ्याच्या वाटीत तळाला पुसट पांढुरकी झाक होती. आमच्या वाटीत करडट पांढरा जाड थर होता, कडेनं खपल्या धरलेला, नखानं खरवडला तर पापुद्रा निघेल असा.

"काका, हे खाली बसत नाही," मयूरी म्हणाली. तिचा आवाज मऊ झाला होता. "साखर विरघळते तसं हे विरघळलेलं असतं. दिवसभर पेला ठेवला तरी बसणार नाही. राख पाण्यात राहते तेव्हा तिच्यातलं बरंच काही पाण्यात उतरतं, आणि ते पाणी मुरलं की विहिरीत येतं. राख मागे राहते, पाणी दिसायला स्वच्छ."

"म्हणजे विष आहे का?" मी विचारलं.

"ते वाटीत नाही कळत. हे नुसते क्षार दिसतात. बाकी काय काय आहे ते तपासावं लागेल. उगाच घाबरवणार नाही मी." मग गौरवकडे बघून म्हणाली, "राग नका मानू, तुम्ही तंबाखू-खर्रा खाता?"

गौरव हबकला. "कधीच नाही जी." त्याच्या पुढच्या दातांवर लहानपणापासून पिवळट पट्टे आहेत. एका स्थळानं त्यावरूनच तो व्यसनी असल्याचं ठरवलं होतं, आणि शालिनी त्याबद्दल कितीतरी दिवस रडली होती.

"मला वाटलंच, खात नसणार म्हणून," मयूरी म्हणाली. "पाण्यात फ्लोराइड जास्त असलं की लहान मुलांच्या दातांवर असे पट्टे येतात. ते असू शकतं."

शालिनीनं पदर डोळ्यांना लावला. आणि आमचे हे त्या वाटीकडे बघत उभे होते. बाकी कुणी काही बोललं असतं तर हे भांडले असते, पण वाटीशी कसं भांडणार? मग ते हळूच म्हणाले, "राख बसली म्हणजे काम झालं, असं आम्हाला सांगितलं होतं. मी पण सगळ्यांना तेच सांगत आलो." मला त्यांची फार दया आली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं हळू बोलताना ऐकलं नव्हतं.

सुमनबाईंनी तो प्रसंग निभावला. "जेवाले बठा. भाकर थंडी व्हई जाई," म्हणत त्यांनी पाटच मांडले. कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, वांग्याचं भरीत, कढी आणि फुनके. फुनके म्हणजे डाळ भरड वाटून, मिरची-कांदा घालून वाफवलेले मुटके, कढीत कुस्करून खायचे. मी चार खाल्ले. लग्न जमो न जमो, फुनके मी घरी करणार होते. ह्यांनी मात्र जेवताना आपला कॅन मागितला नाही.

निघताना कुणी होकार दिला नाही की नकार दिला नाही. आप्पा म्हणाले, "उद्या शहादाकडे या. पोर लोणखेडाले कालेजमा राहस. मी बी तठे शे."

प्रकाशा, लोणखेडा

तिसऱ्या दिवशी शहाद्याच्या बसनं निघालो. वाटेत प्रकाशाला उतरून तापी पाहिली. थंडीतली तापी रुंद, शांत, काठावर देवळं, घाटावर बायका धुणं धुताहेत. शालिनीनं देवाला नवस बोलला तो मला स्पष्ट ऐकू आला. एरवी कुठलीही नदी दिसली की हे तिची खोली आणि पंपाची ताकद सांगायला लागतात. या वेळी म्हणाले, "किती स्वच्छ दिसते ना." आणि मग आपणच आपल्याला म्हणाले, "दिसते." गौरव त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

प्रकाशापासून पुढे मुलूखच बदलतो. ऊस, केळी, पपईच्या बागा, पपया झाडाला अशा लगडलेल्या की झाडाचं खोड लपतं. उत्तरेला सातपुडा निळा दिसत राहतो. शहाद्याला लागूनच लोणखेडा. कॉलेजच्या फाटकाशी आप्पा आणि मयूरी थांबले होते. ह्यांच्या हातात कॅन होता. सबंध रस्ता त्यांनी तो कुणाला धरू दिला नव्हता.

"हे तपासून देशील?" त्यांनी मयूरीला विचारलं. "जमलं नाही, तरी देशील? लग्नाचं मी म्हणत नाही."

मयूरीनं दोन्ही हातांनी कॅन घेतला. "नमुना घ्यायची ही रीत नव्हे काका, पण अंदाज येईल. खरा नमुना मी सांगते तसा पुन्हा घ्या. काही गोष्टी आमच्याकडे तपासता येतात, काही मोठ्या प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतील." मग तिनं आम्हा सगळ्यांदेखत गौरवला विचारलं, "गावात सगळे तेच पाणी पितात?"

"बहुतेक सगळे."

"आणि काल तुम्ही सांगितलं नसतं तर?"

गौरव म्हणाला, "तर लग्नानंतर तुम्ही पहिल्या दिवशी पेला उचलला असता आणि मी बघत बसलो असतो. ते माझ्यानं झालं नसतं."

मयूरी चष्मा पुसायला लागली. दोघं मग पपईच्या गाडीपाशी जाऊन बराच वेळ बोलत उभी राहिली. आम्ही तिकडे न बघण्याचा फार प्रयत्न केला. शालिनीला तो जमला नाही.

आप्पा विचारात पडले होते. शेवटी म्हणाले, "पोरले पसंत शे, माले दिसी ऱ्हायनं. पन माय-बाप नुसतं पोऱ्या देखीसन पोर देत नहीत. घर देखाले आम्ही येसूत. तुमना आंगनमा बठसूत, पानी पेसूत, मंग सांगसूत."

पानी पेसूत. ओसरीवरून बंधारा बघून "कळवतो" म्हणणाऱ्यांचे चेहरे आठवले. आणि हे तर आमच्या दारात येऊन आमचं पाणी पिणार होते, तेही एका दमात, त्यांच्या रीतीप्रमाणे.

कॉलेजच्या चहावाल्यानं तेवढ्यात पाण्याचे पेले आणले. हातात पेला आल्याबरोबर माझा हात बाकाकडे वळला, तो मी आवरला. ह्यांनी आपला पेला उचलला. खाली टेकवला नाही, टिचकी मारली नाही. उभ्या उभ्या, डोळे मिटून, शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याले. मग मिशी पुसत आप्पांना म्हणाले, "या, नक्की या. पण येताना पाणी तुमचंच आणा जी. आमचं पाणी मी पोरीच्या बापाला देणार नाही."

त्या विहिरीसाठी ह्यांनी भावकीशी भांडणं केली होती. मला रडू आलं, आणि मी ते मिरचीवर ढकललं, जरी तिथं मिरची नव्हती.

आप्पांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पोर बी आम्ही देवानी, पानी बी आम्ही आनानं?" ते हसत होते. "आनसूत, आनसूत."

घरी

परत येऊन ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मयूरीनं फोनवर सांगितलं तसा बाटल्यांत नमुना घेतला आणि तिच्याकडे पाठवला. तिचा फोन आला तेव्हा हे मळ्यातच होते. फ्लोराइड आणि सल्फेट प्यायच्या मर्यादेच्या बरंच वर होतं, बाकीचा नमुना पुढे पाठवला आहे, तोवर ते पाणी प्यायचं नाही आणि स्वयंपाकालाही वापरायचं नाही, असं ती म्हणाली. हे "बरं" म्हणाले. लाल रंगाचा डबा आणि ब्रश शोधून काढला आणि विहिरीच्या कठड्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पिण्यासाठी नाही. मग शेजारच्या मळ्यात जाऊन तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरायला सांगू लागले. काहींनी वेड्यात काढलं. आता गावातले नमुने गोळा करून ग्रामसभेत ठेवायचं ठरलं आहे, आणि वीजकेंद्राच्या साहेबांकडे अर्ज घेऊन जाणाऱ्यांत पुढे हेच असतात. पंपावरचे त्यांचे जुने सोबतीही आहेत. साहेब "बघू" म्हणाले आहेत. हे रोज विचारायला जातात.

मग आप्पा आणि सुमनबाई आले. मयूरीही आली. गाडीतून उतरल्या उतरल्या आप्पांनी ओसरीवरून त्या करड्या बंधाऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. शालिनीनं माझा हात घट्ट धरला होता. मग त्यांनी डिकी उघडली आणि रनाळ्याच्या पाण्याचे दोन मोठे कॅन काढून ओसरीवर ठेवले.

मी त्यातलंच पाणी पेल्यांत भरलं आणि ताट घेऊन आले. आप्पांनी पेला घेतला. आम्ही सगळे बघत होतो. त्यांनी तो पेला सावकाश खाली ठेवला.

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. गौरवनं मान खाली घातली. आप्पांनी बोट उचललं, पेल्यावर एक टिचकी मारली, ह्यांच्याकडे बघून मिशीतल्या मिशीत हसले, आणि मग पेला उचलून एका दमात रिकामा केला.